माळ्यावरची ती पाकिटं रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेम्सच्या लिलावांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण या विषयावर मराठी वर्तमानपत्रात एवढं पानभर काही छापून येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'सुपर मारिओ ६४'चं एक न उघडलेलं खोकं जुलै २०२१ मध्ये १५ लाख ६० हजार डॉलरला गेलं, हे लेखात बरोबर दिलं आहे. पण शेवटच्या चौकटीत 'चेस द चक वॅगन' या खेळाबद्दल दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही चुकली आहेत. कुत्र्याच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी काढलेला हा खेळ दुकानांत आला आणि आपटला, असं एक वाक्य. तो जगातला सर्वांत दुर्मीळ खेळ आहे, असं दुसरं. तो दुकानांत विकायला ठेवलेलाच नव्हता. आणि दुर्मीळ म्हणाल तर त्याच्याहून दुर्मीळ पुष्कळ आहेत. हे मी खात्रीने लिहिते, कारण तो माझ्या कपाटात १९८३ पासून आहे. तो घरी कसा आला ते सांगितलं तर हे खेळ पोस्टाने कसे मिळायचे तेही वाचकांना कळेल.

आम्ही १९७८ साली अमेरिकेत सेंट लुइसला गेलो. माझे यजमान स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. १९८१ च्या नाताळात, बरेच महिने पैसे बाजूला टाकून, आम्ही त्याला टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं अटारी कंपनीचं यंत्र घेतलं. लाकडी पट्टीचं, काळं. खेळांची कार्ट्रिजं, म्हणजे यंत्रात खोचायच्या प्लास्टिकच्या डब्या, मात्र महाग होती, तीस-तीस डॉलरची, त्यामुळे वर्षात दोन-तीनच यायची. कुत्र्याचं खाद्य बनवणारी राल्स्टन प्युरिना कंपनी सेंट लुइसचीच. चेकरबोर्ड स्क्वेअर हा तिचा पत्ता आणि तिचं लाल-पांढऱ्या चौकटींचं चिन्ह गावात सगळ्यांच्या ओळखीचं. तिच्या 'चक वॅगन' या खाद्याची टीव्हीवरची जाहिरात आमच्या मुलाला तोंडपाठ होती. स्वयंपाकघराच्या फरशीवरून वीतभर उंचीची घोडागाडी धावत जाते, कुत्रा तिच्या मागे लागतो आणि गाडी कपाटाच्या दारात शिरून नाहीशी होते. त्याच गाडीचा पाठलाग १९८३ मध्ये व्हिडिओ गेम झाला. स्पेक्ट्राव्हिजन या कंपनीने तो अटारीच्या यंत्रासाठी काढला. चक्रव्यूहातून कुत्र्याला वाट काढत न्यायचं, कुत्रे पकडणाऱ्या माणसाला चुकवायचं आणि वेळ संपायच्या आत गाडी गाठायची. खेळ म्हणून तो साधारणच आहे. मुलगा आठवड्याभरात कंटाळला होता हेही मी लिहून ठेवते.

पण तो मिळवायला मात्र आठवडा पुरला नाही. पैसे मोजून तो घेता येत नव्हता. खाद्याच्या पिशव्यांवरचे खरेदीचे पुरावे कापून कंपनीकडे पाठवायचे, मग कार्ट्रिज पोस्टाने घरी. मुलाने जाहिरात वाचली, कात्री आणली आणि मग थांबून म्हणाला, "आई, आपल्याकडे तर कुत्राच नाही."

आमच्या पलीकडच्या घरात एक सत्तरीच्या बाई एकट्या राहायच्या. माझा मुलगा त्यांना आजी म्हणायचा आणि त्याही त्या हाकेला ओ द्यायच्या. त्यांच्याकडे तपकिरी-पांढरा स्पॅनियल होता. तो वेगळ्याच कंपनीचं खाद्य खायचा. मुलाने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या शनिवारी त्यांच्या गाडीतून चक वॅगनची पिशवी उतरली. कुत्र्याने पहिले दोन दिवस वाडग्याला तोंड लावलं नाही. बाई म्हणाल्या, त्याला सवय होईल. पिशवी रिकामी झाली की त्या तुकडा कापून आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवायच्या. स्वयंपाकघरातल्या एका चिठ्ठीवर त्यांनी पेन्सिलीने रेघा मारून हिशेब ठेवला होता, एका पिशवीला एक रेघ. हवे तेवढे पुरावे जमायला पूर्ण उन्हाळा गेला. पाकिटावर तिकीट मुलानेच चिकटवलं. त्यानंतर सहा ते आठ आठवडे वाट बघायची. तेव्हाच्या अशा बऱ्याच योजनांवर बारीक अक्षरात हीच मुदत छापलेली असे. पार्सल आलं त्या संध्याकाळी बाई कुत्र्याला घेऊन आमच्या सोफ्यावर येऊन बसल्या होत्या.

मी त्या दिवशी पार्सलचं वरचं आवरण, सोबतचा कागद, सगळं कचऱ्यात टाकलं. कार्ट्रिज ठेवलं. रेघांची चिठ्ठी बाईंनी मुलाला दिली होती, ती त्याच्या गोष्टीच्या पुस्तकात राहिली म्हणून वाचली.

आपल्या वाचकांना प्रश्न पडेल की कंपन्या या भानगडीत का पडत होत्या. १९८२ पर्यंत अमेरिकेत घरोघरी अटारी आलं होतं. मुलांचं लक्ष तिकडे, म्हणून जाहिरातही तिकडे. 'कूल-एड' हे आपल्या रसनासारखं पाण्यात कालवायचं सरबत, त्याच्या पुड्यांवर गुण छापलेले असत. ते जमवून पाठवले की 'कूल-एड मॅन' हा खेळ मिळे. हा मॅटेल कंपनीने केला होता आणि तिने एकाच नावाचे दोन अगदी निराळे खेळ केले. अटारीवरच्या खेळात तहानलेली भुतं तळ्यातलं पाणी पिऊन टाकतात, त्यांना अडवायचं. मॅटेलच्या स्वतःच्या इंटेलिव्हिजन यंत्रावरच्या खेळात दोन मुलं झपाटलेल्या घरात सरबताचं सामान शोधत फिरतात. हा खेळ नंतर दुकानांतही आला. जॉन्सन अँड जॉन्सनचा 'टूथ प्रोटेक्टर्स' मात्र पोस्टानेच. त्यात वरून खाऊचे हल्लेखोर दातांवर मारा करतात आणि आपण दात वाचवायचे. ब्रश, दोरा आणि चूळ भरायचं औषध ही आपली हत्यारं. मला हा खेळ या सगळ्यांत गोड वाटतो. लेखात ज्याचा ओझरता उल्लेख आहे तो कोका-कोलाचा खेळ या रांगेत बसत नाही. त्यात एलियनच्या जागी 'पेप्सी'ची अक्षरं असतात आणि तीन मिनिटांनी कोकचा विजय जाहीर होतो. १९८३ च्या अटलांटातल्या विक्री संमेलनात कंपनीच्या लोकांना वाटण्यासाठी त्याच्या १२५ प्रती काढल्या होत्या. तो कुणी पाकीट पाठवून मागवू शकत नव्हतं.

अटारीने स्वतःच्या क्लबच्या सभासदांसाठीही काही खेळ पोस्टाने दिले. 'क्रेझी क्लाइंबर' त्यातलाच. 'क्वाड्रन' त्यातलाच, ज्यात यंत्र चक्क माणसाच्या आवाजात खेळाचं नाव उच्चारतं. १९७७ च्या त्या यंत्राची स्मरणशक्ती १२८ बाइट होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या आवाजाचं मोल कळतं.

आणि पोस्ट उलट्या दिशेनेही चाले. ॲक्टिव्हिजन कंपनीच्या 'पिटफॉल'मध्ये २० हजार गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायचा, कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. आमच्या मुलाने तो आकडा गाठला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. यजमानांनी खोलीतले दिवे मालवले, फ्लॅश बंद केला, खुर्चीच्या पाठीवर कॅमेरा टेकवून श्वास रोखून तीन फोटो काढले. रोलमध्ये अजून अकरा फोटो शिल्लक होते. ते संपवायला आम्ही दुसऱ्या दिवशी सगळे बागेत गेलो. बिल्ला आला तो मी त्याच्या निळ्या जाकिटावर शिवला.

मग १९८३ च्या अखेरीस व्हिडिओ गेमचा सगळा बाजारच कोसळला. दुकानदार तीस डॉलरची कार्ट्रिजं टोपल्यांत ओतून पाच डॉलरला विकू लागले. मला वाटतं, पोस्टाने मागवायच्या खेळांना तिथेच ओहोटी लागली. दुकानात इतक्या स्वस्तात खेळ मिळत असेल तर पिशव्या कोण कापत बसेल? अटारीने न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी ट्रकने न खपलेला माल नेऊन जमिनीत पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो उकरला, तेव्हा तेराशेच्या आसपास कार्ट्रिजं वर काढली गेली आणि त्यातलं 'ई.टी.' या खेळाचं एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. चुरगळलेलं, मातीने माखलेलं, पण ते जपावं असं तिथल्या लोकांना वाटलं.

माझ्या संग्रहाची सुरुवात त्या पडझडीतच झाली. लोक यंत्रं विकत होते. शनिवारी सकाळी गॅरेज सेल आणि चर्चच्या विक्रीत मी जायची. 'कूल-एड मॅन' मला ५० सेंटला मिळाला. 'टूथ प्रोटेक्टर्स'साठी मी बारा वर्षं थांबले आणि शेवटी ओहायोतल्या एका गृहस्थांशी पत्राने अदलाबदल केली. त्या काळात 'चेस द चक वॅगन'चं नाव खरोखरच फार मोठं होतं. ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडे बाकीचे संग्राहक आदराने बघत. लेखकाची समजूत तिथूनच आली असावी. पुढे लोकांनी माळे झाडले आणि एकेक प्रती बाहेर आल्या. आज तो दुर्मीळ आहे, पण मिळतो. याउलट त्याच वर्षीच्या 'रेड सी क्रॉसिंग'ची पहिली प्रत संग्राहकांसमोर यायला २००७ साल उजाडलं. मोझेसने समुद्र ओलांडल्याच्या कथेवरचा तो खेळ. एका ख्रिस्ती मासिकातल्या जाहिरातीवरून तो पोस्टाने विकला गेला होता. तोवर असा काही खेळ आहे हेच संग्राहकांना माहीत नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे लांबलचक पत्र.

खेळ वाचले आहेत. या कार्ट्रिजमधला मजकूर, म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम, लोकांनी केव्हाच संगणकावर उतरवून ठेवला आहे. त्या काळच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये अवघा ४ किलोबाइटचा मजकूर असे. माझं हे पत्र संगणकावर ठेवायला त्याच्या कितीतरी पट जागा लागेल. तो हरवण्याची भीती आता राहिलेली नाही. भीती आहे ती कागदाची. खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर, मासिकातलं मागणीचं कूपन, किती पुरावे आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते सांगणारं चिठोरं, कार्ट्रिजसोबत आलेलं पत्र, पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट. ते कूपन पाठवून द्यायचं म्हणजे ते घरात उरणारच नाही अशीच योजना होती. ज्यांनी खेळ मागवला त्यांच्याकडे कूपन नाही, आणि ज्यांच्याकडे कूपन राहिलं त्यांनी खेळ मागवला नाही म्हणून ते जपलं नाही. पाकिटावर शिक्क्याची तारीख असते. खेळ नेमका कधी वाटला जात होता हे तिच्यावरून सिद्ध करता येतं. मिनेसोटा राज्यात यंग अमेरिका नावाचं छोटंसं गाव होतं. कितीतरी कंपन्यांच्या अशा योजनांची पत्रं त्या गावी जात. मुलं त्या पत्त्यावर काय लिहून पाठवत असतील, ते सगळं गेलं.

न उघडलेल्या खोक्याला लाखो डॉलर मिळतात हे मला समजतं, पण माझं मन तिथे रमत नाही. पोस्टाचे हे खेळ उघडण्यासाठीच मागवले गेले. त्यांच्यामागे कुणाचं तरी कापणं, मोजणं, तिकीट लावणं आहे. प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेल्या खोक्याजवळ मला शेजारच्या बाईंची ती रेघांची चिठ्ठी ठेवून दाखवावीशी वाटते.

आणि इथे आपल्या वाचकांचा संबंध येतो. १९७० आणि ८० च्या दशकांत महाराष्ट्रातून पुष्कळ कुटुंबं अमेरिकेत गेली. त्यांतली काही आमच्यासारखी परत आली. येताना लाकडी खोक्यांत, ट्रंकांत मुलांचं सामान भरून आणलं आणि ते कोथरूड, ठाणे, पार्ले, नाशिक इथल्या माळ्यांवर चढवलं. मुलं मोठी होऊन पुन्हा तिकडे गेली, आई-वडील थकले, आता घरं पुनर्विकासाला जाताहेत. माझ्याच सोसायटीत गेल्या वर्षी एका काकूंनी १९८४ च्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. मला दोन दिवसांनी कळलं. मी रद्दीच्या दुकानात गेले, पण गठ्ठा पुढे गेला होता.

म्हणून घर रिकामं करणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांच्या जुन्या मासिकांची मधली पानं चाळा. चित्रकथांच्या पुस्तकांत, पत्त्यांच्या डब्यांत, खेळांच्या माहितीपुस्तिकांत घडी घातलेले कागद असतात, ते उलगडून बघा. कापायच्या रेघेवर कात्रीचं चित्र असलेलं काहीही दिसलं तर बाजूला ठेवा. पाकिटावरचं तिकीट तिकिटांच्या वहीसाठी काढून घेऊ नका, शिक्क्यासकट राहू द्या. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत त्याचा पिवळा डाग पडतो. कार्ट्रिज सापडलं तर लेबल उचकटू नका. अटारीच्या कार्ट्रिजचा स्क्रू लेबलखाली असतो, म्हणून लोक ते सोलून बघतात आणि वाटोळं करतात. टोकाचे तांब्याचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलके पुसले की बहुतेक वेळा पुरतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं.

यंत्र सापडलं तर मी केलेली चूक करू नका. १९९७ साली परत आल्यावर उत्साहाच्या भरात मी अमेरिकेतला अडॅप्टर तसाच भिंतीतल्या प्लगला लावला. १२० व्होल्टचा तो, इथले २२० व्होल्ट त्याला कसे सोसणार? धूर आला. नशिबाने जळला तो अडॅप्टरच. तपकीर गल्लीतल्या एका कारागिरांनी ९ व्होल्टचा नवा बसवून दिला, टोकाची धन-ऋण बाजू तपासून. इथल्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आलं, कारण अमेरिकेची रंगांची पद्धत वेगळी. दोन्ही पद्धती चालणारा टीव्ही मिळाला तेव्हा गाडी पुन्हा रंगात धावली.

सापडलेल्या कागदाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. अमेरिकेत रोचेस्टरला 'द स्ट्राँग' हे खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, टेक्सासमध्ये फ्रिस्को इथे व्हिडिओ गेम्सचं स्वतंत्र संग्रहालय आहे. पण तिकडे पाठवायच्या आधी इथे त्याची नीट प्रत घेतली जावी असं मला वाटतं. घरचा साधा स्कॅनर पुरतो. दोन्ही बाजू घ्या, कोरी असली तरी मागची बाजू घ्या, आणि कागद कुणाच्या घरात, कुठल्या गावी, कुणी जपला ते दोन ओळींत लिहून सोबत ठेवा. मुलाचं वय लिहा. कुत्रा कुणाचा होता तेही लिहा.

आपण लेखातल्या त्या दोन वाक्यांची दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि जमलं तर आणखी एक गोष्ट छापावी. चक वॅगनच्या योजनेचं मूळ चिठोरं, जे मी १९८३ च्या शरद ऋतूत माझ्या हाताने कचऱ्यात टाकलं, ते मी अजून शोधते आहे. त्या काळात मिसूरी, इलिनॉय, कॅन्सस भागात राहिलेल्या कुटुंबांपैकी कुणाकडे ते असेल तर मला ते नको, फक्त बघायचं आहे. माझा पत्ता व दूरध्वनी आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या कागदावर देत आहे. रोज सकाळी अकरापर्यंत मी घरी असते. जिना चढणं ज्यांना जमत नसेल त्यांच्याकडे मी स्कॅनर घेऊन येईन.

आपली,
एक वाचक (वय ७३), कोथरूड, पुणे